पाणी कथा जाई?

बॅरिकेड काढली त्या संध्याकाळी आख्खी गल्ली रस्त्यावर होती. पोरं सायकली घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती सुसाट, बायका ओट्यांवर, माणसं मधोमध उभी राहून चपलेच्या टाचेने काँक्रीट ठोकून बघताहेत, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना जिलेबी वाटली, आणि मलाही फार आनंद झाला होता, कारण या रस्त्याची आम्ही इतकी वर्षं वाट बघितली होती की तो खरंच झालाय यावर विश्वास बसत नव्हता. समोरच्या माई तेवढ्या गेटच्या आत उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या, या गल्लीत सगळ्यात आधी राहायला आलेल्या. मी जिलेबी घेऊन गेले तर त्यांनी ती हातात घेतली, खाल्ली नाही, रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "रस्ता ते चांगला व्हयना व माय. पन पानी कथा जाई?" अहिराणीत कथा म्हणजे कुठे.

मी म्हटलं, गटार आहे ना माई. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं खाली पायरीकडे बोट केलं. त्यांच्या गेटमधून रस्त्यावर यायला पूर्वी तीन पायऱ्या उतराव्या लागायच्या, त्याच पायऱ्यांवर बसून त्या दुपारी गहू निवडायच्या, शेवग्याच्या शेंगा मोडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायच्या. आता एक उरली होती, तीही अर्धी. बाकीच्या दोन काँक्रीटखाली गेल्या.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आता कोणी म्हणेल रस्ता झाला तर त्यातही खोट काढायची का. नाही, रस्ता हवाच होता. धुळ्यात जे काळ्या मातीवरच्या कॉलन्यांत राहतात त्यांना मी काय सांगते ते लगेच कळेल. ही माती उन्हाळ्यात इतकी फाटते की भेगेत हात जातो, आणि दोन पाऊस पडले की फुगते, चपला ओढून घेते, स्कूटीचं चाक जागच्या जागी फिरत राहतं. आमच्या इथे आधी खडी टाकली होती, ती दोन पावसांत मातीत गडप झाली, मग मुरूम टाकला, तोही गेला, मग भुयारी गटारीसाठी सगळं खोदलं आणि पाईप टाकून झाल्यावर वरची माती नुसती लोटून दिली. त्या उन्हाळ्यात धूळ म्हणजे काय असते ते आम्ही पाहिलं. वाळत घातलेले पापड, कुरडया, गादीवरची चादर, देवाचा फोटो, सगळ्यावर एक पिवळट थर, आणि बारक्या पोरांचा खोकला काही थांबेना. पावसाळ्यात शेजारच्या काकांना छातीत दुखायला लागलं तर ॲम्ब्युलन्स मेन रोडलाच थांबली, चार पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून चिखलातून उचलून नेलं. काका वाचले. त्या रात्रीनंतर गल्लीतल्या कोणाला रस्त्याशिवाय दुसरं काही मागायचंच सुचत नव्हतं. म्हणून मला तो रस्ता आवडतो, आजही सकाळी झाडताना हात हलका पडतो, आणि पावसात पोरं शाळेतून पांढरे मोजे पांढरेच घेऊन येतात हे बघून बरं वाटतं.

काम चालू होतं तेव्हा मी रोज गच्चीवरून बघायचे. काळी माती उकरून ट्रॉलीत भरली, मुरूम पसरून रोलर फिरवला, मग खडी, मग मिक्सरमधून काँक्रीट. मजूर बाया सातपुड्याकडच्या होत्या, आपसात पावरी बोलायच्या, एकीचं बाळ आमच्या कडुलिंबाला बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपलेलं असायचं आणि ती घमेलं उचलता उचलता येऊन झोळीला एक झोका देऊन जायची. काँक्रीट घट्ट झाल्यावर त्याच बायांनी मातीचे बारके बारके वरंबे घालून रस्ताभर वाफे पाडले आणि त्यात टँकरचं पाणी भरलं. सिमेंटला मुरायला पाणी लागतं, ते आतून घट्ट होत जातं तोपर्यंत वरून वाळू द्यायचं नाही, नाहीतर भेगा पडतात. ते वाफे संध्याकाळी चमकायचे, चिमण्या, साळुंक्या येऊन प्यायच्या, ओल्या सिमेंटचा तो थंड वास घरभर यायचा. भर उन्हाळ्यात गल्लीत इतकं पाणी उभं राहिलेलं आम्ही पहिल्यांदा बघत होतो.

माईंच्या प्रश्नानंतर मी नाना मिस्तरींना बोलावून आणलं. नाना आमच्या कॉलनीतली अर्धी घरं बांधलेले, आता काम सोडलंय पण नजर तशीच आहे. त्यांनी येताना लेव्हलची नळी आणली, साधी पारदर्शक प्लास्टिकची लांबलचक नळी. माझ्या पोराला बादलीतून तिच्यात पाणी भरायला लावलं, मग नळी हातभर वर धरून बोटाने टिचक्या मारत एकेक बुडबुडा बाहेर काढला, कारण म्हणाले आत हवा राहिली की नळी खोटं बोलते. एक टोक त्यांनी माईंच्या दाराच्या उंबऱ्याला लावलं, दुसरं देऊन पोराला रस्त्याच्या मधोमध उभं केलं. दोन्ही टोकांतलं पाणी वरखाली हललं, थरथरलं, आणि मग एका पातळीत येऊन थांबलं. नानांनी कानावरची पेन्सिल काढून खूण केली. मग शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं, करत करत आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, आणि नाना प्रत्येक भिंतीवर एक आडवी रेघ मारत गेले. पोरं मागे मागे. शेवटी त्या रेघांकडे बघितलं तर जे दिसलं ते मला आजपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

गल्लीत कोण कधी राहायला आलं ते जोत्यावरून, म्हणजे घराच्या पायाच्या उंचीवरून, सांगता येतं. माई सगळ्यात आधी आल्या, तेव्हा इथे शेतच होतं, चारी बाजूंनी कापूस आणि मध्ये हे एक घर, त्यांनी जमिनीपासून तीन पायऱ्या वर जोतं घेतलं, त्या काळी ते भरपूर होतं. त्यानंतर जो आला त्याने तेव्हाचा रस्ता बघून जोतं घेतलं. त्याच्यानंतरच्याने खडीचा रस्ता बघून, त्याच्याही नंतरच्याने मुरमाचा बघून. अगदी अलीकडे ज्यांनी बंगला बांधला त्यांचं जोतं माझ्या छातीला लागतं. मग प्रत्येक वेळी रस्ता थोडा वर आला की पाणी मागे सरकतं ते सगळ्यात जुन्या घरात. ज्याने पहिल्यांदा येऊन इथे दिवा लावला, विंचू-काट्यात राहून गल्ली उभी केली, त्याचंच घर आता सगळ्यात खोल. आणि हे एकट्या माईंचं नाही. जुन्या धुळ्यात जा, खान्देशातल्या कुठल्याही गावाच्या पेठेत जा, चांगले सागवानी दरवाजे असलेले वाडे आहेत आणि आत जायचं तर रस्त्यावरून खाली उतरावं लागतं. आपण म्हणतो वाडा खचला. वाडा जागेवरच आहे, रस्ता वर चढलाय.

असं का होतं ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. रस्त्याचं बिल निघतं ते मेजरमेंट बुकावरून, लोक ज्याला एम.बी. म्हणतात. त्यात लांबी येते, रुंदी येते, थराची जाडी येते. जुना थर खरवडून काढणं, तो ट्रॉलीत भरून लांब नेऊन टाकणं, पुरेसं खोल खोदणं, हे वेळखाऊ काम आहे आणि केलं तरी डोळ्यांना दिसत नाही. नवा थर दिसतो, फोटोत येतो. शेजारच्या घराचा उंबरा त्या बुकात कुठेच नसतो. कोणी मुद्दाम माईंच्या घरात पाणी सोडायला बसलेलं नसतं, पण मोजणाऱ्याच्या कागदावर जी गोष्ट नाही ती त्याच्या कामातही येत नाही, आणि मला वाटतं आपल्या लहान शहरांतल्या निम्म्या कामांचं दुखणं हेच आहे.

धुळ्यात राहून हे बोलायला जास्त वाईट वाटतं. आपण एवढ्या अभिमानाने सांगतो ना की आमचं शहर आखलेलं आहे, गल्ल्यांना नंबर आहेत, एक ते सात, सरळ रेषेत. पुष्कळ लोक त्याचं श्रेय इंजिनिअर विश्वेश्वरय्यांना देतात, पण गल्ल्या त्यांच्या आधीच्या. १८१८ साली पेशवाई गेली, कॅप्टन जॉन ब्रिग्ज खान्देशचा कारभार बघायला आला आणि १८१९मध्ये त्याने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. तेव्हा इथे ४०१ घरं आणि २५०९ माणसं होती. व्यापाऱ्यांनी यावं म्हणून जागा बिनभाड्याने दिल्या, घर बांधायला उचल दिली, आणि जुन्या वस्तीच्या बाजूला नवी पेठ सरळ रस्त्यांची वसली. त्या वेळच्या धुळ्याचं जे वर्णन आहे ते मला फार आवडतं: बागांनी वेढलेलं लहानसं गाव, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला पाट, या दोघांच्या मध्ये. म्हणजे गावाची हद्दच पाण्याने ठरलेली. आग्रा रोडवरून पांझरा नदीकडे चालत जा, पायांना कळतं आपण उतरतोय. जुन्या गल्ल्यांत पाऊस पडला की पाणी कुठे जाणार हे कोणाला विचारावं लागत नव्हतं, ते नदीला जात होतं. अर्थात नदीही गावात आली आहे, १८७२च्या पुराने धुळ्याचं फार नुकसान केलं, म्हणजे तेव्हाचं सगळं सोन्याचं होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण उतार कुठे आहे हे तेव्हाच्या माणसाला पाठ होतं.

विश्वेश्वरय्या आले ते १८८४मध्ये, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून, नुकती तेविशी गाठलेला पोरगा. खान्देशातल्या त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे साक्री तालुक्यात दातर्तीजवळ पांझरेच्या पाटावर घातलेला सायफन. शाळेत आम्हाला सरांनी फळ्यावर काढून दाखवला होता. पाटाचं पाणी पलीकडे न्यायचं आणि मध्ये ओढा किंवा नदीचं पात्र आडवं आलंय, तर पाणी पाईपातून पात्राच्या खाली उतरवायचं आणि पलीकडच्या काठावर वर काढायचं. पंप नाही, इंजिन नाही. अट एकच, पलीकडचं तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडं खाली पाहिजे. तेवढं साधलं की पाणी स्वतःच्या वजनाने खाली जातं आणि स्वतःच वर येतं. ऐन पावसाळ्यात, पुराच्या पाण्यात ते काम पुरं करावं लागलं होतं. पुढे कृष्णराजसागर धरण, भारतरत्न, १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डे, ते सगळं झालं. पण मला तो तेविशीतला पोरगा डोळ्यासमोर येतो, पांझरेच्या काठी उभा, दोन्ही काठांची लेव्हल पुन्हा पुन्हा बघणारा. नानांची नळी आणि विश्वेश्वरय्यांचा सायफन एकाच गोष्टीवर चालतात.

आणि ते ज्या पाटावर काम करत होते ते पाट त्यांच्याही आधीपासून होते. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं, तिथे माझ्या लहानपणी फड चालू होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्याच्या कडेने निघालेला पाट, पाटाखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ, आणि थळाचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर ऊस, गहू तर गहू, पुढच्या वर्षी फेरपालट. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची, म्हणून पाणी कमी आलं की एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा, नुकसान सगळ्यांचं सारखं. पांझरा, मोसम, आराम या नद्यांच्या खोऱ्यांत ही पद्धत तीनशे वर्षांपेक्षा जास्त चालली. पण मला आठवतो तो पाटकरी आबा. मध्यम वयाचा, काळा, उघड्या पायांचा, खांद्यावर फावडं, डोक्याला मळकं उपरणं. पाणी कोणाला किती वेळ द्यायचं ते त्याच्या हातात, आणि ज्याच्या शेतात पाणी चाललंय त्या मालकाने स्वतः पाटाचं दारं फोडून पाणी घ्यायचं नाही, मग तो गावचा पाटील का असेना. माझे मामा चांगले तापट होते, पण पाटकरी आबांना ते "आबा, जरा बघा ना" असंच म्हणायचे. त्याच्यावर हवालदार, पाटाची राखण करायला जागल्या, आणि सगळ्यांवर पंच. हंगामाच्या आधी आख्खं गाव फावडी घेऊन पाट उकरायला जायचं. बायका दुपारी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन जायच्या, आम्ही पोरं गाळात बरबटून मासे शोधायचो. कोणाच्या वाट्याला पाटाचा किती तुकडा हे ठरलेलं असायचं आणि ज्याने आपला तुकडा साफ केला नाही त्याला गाव विचारायचं.

त्यातही खोड होती. ज्यांची जमीन थळात नव्हती, आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांना त्या पंचायतीत आवाज नव्हता. हे आई नेहमी सांगायची आणि ते खरंच आहे. नंतर विहिरी झाल्या, मोटारी आल्या, ज्याच्या त्याच्या शेतात ज्याची त्याची बटणं, आणि आजोळचा फड मोडला. पाट अजून आहे, त्यात बाभळी उगवल्यात. बंधारा बघायला गेले होते तर दगड जसेच्या तसे, एकही हललेला नाही. बांधकाम टिकलं होतं. त्याला बघणारा माणूस गेला म्हणून पाणी थांबलं.

बांधलं कोणी यापेक्षा नंतर बघणार कोण, हे मला तेव्हापासून जास्त महत्त्वाचं वाटायला लागलं.

आमच्या शहरातही असा एक पाटकरी आहे, फक्त त्याला आपण व्हॉल्व्हमन म्हणतो. धुळ्याचं पाणी येतं ते डेडरगाव तलावातून, नकाणे तलावातून, तापीवरच्या सुलवाडे बॅरेजमधून आणि आता वरच्या अंगाला पांझरेवर असलेल्या अक्कलपाडा धरणातून. तापी आपल्यापेक्षा खाली, तिचं पाणी विजेने वर उचलून आणावं लागतं, इतक्या लांबच्या पाईपात कुठे जॉइंट निसटला किंवा लाईट गेली की इथे टाक्या कोरड्या. पांझरेचं पाणी वरून येतं. पुन्हा तेच, उतार. पण टाकीपासून आमच्या नळापर्यंतचा जो शेवटचा प्रवास आहे तो कुठल्या नकाशात पूर्ण नाही, तो आमच्या बापूंच्या डोक्यात आहे. बापू रात्री-अपरात्री मोटारसायकलवर येतात, मागे ती उंच लोखंडी चावी बांधलेली, चेंबरचं झाकण सरकवतात, चावी आत घालून किती आटे फिरवायचे ते मोजत फिरवतात. मागच्या गल्लीला चढ आहे म्हणून तिला आधी आणि जास्त वेळ, आमची खोलगट म्हणून नंतर. कोणत्या पाईपाला कुठे जोड आहे, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच बंद होतो, कुठल्या कोपऱ्यावर रस्त्याखाली जुनं चेंबर गाडलं गेलंय, सगळं त्यांना माहीत. पाण्याचा वार असला की मी जागीच असते, नळातून आधी हवेची शिट्टी येते, मग खर्र खर्र आवाज, मग ती गढूळ धार, मग स्वच्छ, आणि गल्लीभर मोटारींची घरघर सुरू होते. एकदा मी त्यांना विचारलं, बापू, हे सगळं कुठे लिहून ठेवलंय का. ते म्हणाले, "ताई, मला विचारलं कोणी?" ते आता रिटायर व्हायला आलेत. त्यांच्या हाताखाली जो नवा पोरगा आहे तो हुशार आहे, कंत्राटी आहे, पण तो पुढच्या वर्षी असेल की नाही ते त्यालाच माहीत नाही.

याची मला भीती वाटते. नव्या पाईपलाईनवर एवढा पैसा घालायचा आणि चावी फिरवणाऱ्या माणसाला कंत्राटावर ठेवायचं, हे गणित मला पटतच नाही. २०११च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाख होती. कायद्याने तीन लाखांच्या वरच्या शहरात प्रभाग समित्या असतात, ७४व्या घटनादुरुस्तीपासून. पण आमच्या गल्लीतल्या कोणाला कधी रस्ता व्हायच्या आधी कोणी विचारलंय, तुमचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? आजोळी हे विचारायला बंधाऱ्यावर सभा व्हायची. तिचे दोष मी वर सांगितले, पण विचारायची पद्धत तरी होती.

बघणारी माणसं अजूनही आहेत, तेही सांगायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. शिरपूर तालुक्यात २००४पासून सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल केले, थोड्या थोड्या अंतरावर बिनदाराचे सिमेंट बंधारे बांधले. तापीच्या गाळाच्या जमिनीत पिवळ्या मातीचा जाड थर पाणी आत जाऊच देत नाही, तर तो थर फोडून पाण्याला खाली वाट करून द्यायची. भूजल खात्यातून निवृत्त झालेला भूवैज्ञानिक जमिनीच्या पोटात काय आहे ते आधी वाचतो आणि मग जेसीबी लावतो, क्रम तो आहे. आणि साक्री तालुक्यातलं बारीपाडा, आदिवासी पाडा, उजाड झालेलं जंगल गावाने राखलं, कुऱ्हाडबंदी पाळली, दंड ठरवले, आणि त्यात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे काम पूर्ण झालं असं कोणी म्हणत नाही, कारण राखणं रोजच आहे.

आता आमच्या गल्लीकडे येते. नानांच्या रेघा बघून रविवारी सगळे जमले आणि भांडणं झाली, चांगली कडक. कारण एक अवघड गोष्ट उघड झाली. गटार होती, पण प्रत्येकाने गाडी चढवायला तिच्यावर रॅम्प टाकलेला, कोणी फरशी बसवून वर तुळस ठेवलेली, कोणी सरळ ओटाच पुढे घेतलेला. झाकलेल्या गटारीत झाडू जात नाही, मग पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, माती, सगळं आत घट्ट. रस्ता वर आला हा एक दोष, आणि पाण्याची जी वाट उरली होती ती आपणच बुजवलेली हा दुसरा. पहिल्या दोषावर सगळे एकमुखाने बोलत होते, दुसऱ्यावर प्रत्येकाला शेजाऱ्याचा रॅम्प दिसत होता. एक भाऊ तर तावातावाने म्हणाले की मी माझ्या पैशाने टाकलाय, हात लावून दाखवा. मी म्हटलं, दादा, पैसे तुमचे, गटार कोणाची? ते दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

शेवटी काम पुढे नेलं ते कॉलेजच्या पोरांनी. त्यांनी कोणाला न दुखावता एक उपाय काढला, रॅम्प तोडायचे नाहीत, मधे मधे कापून लोखंडी जाळ्या बसवायच्या, म्हणजे वरून गाडी जाईल आणि उचलून खालून साफही करता येईल. वेल्डिंगवाल्याने मजुरी घेतली नाही, फक्त लोखंडाचे पैसे घेतले. गटारीतून जो गाळ निघाला त्याचा वास मी विसरू शकत नाही, काळाकुट्ट, चिकट, आणि त्यात काय काय निघालं, पोरांचे बॉल, एक पितळी समई, चपला, कोणाची तरी कितीतरी जुनी पाटी. माईंच्या गेटसमोर रस्ता आणि भिंत यांच्यामध्ये नानांनी स्वतः बसून एक हातभर रुंद नाली काढली, तिचा उतार शाळेच्या विरुद्ध बाजूला धरला, आणि प्रत्येक दोन हातांवर नळी लावून बघितलं. ऊन डोक्यावर होतं, मी तीनदा चहा दिला, त्यांनी एकदाच घेतला, म्हणाले लेव्हल चालू असताना लक्ष हलवायचं नाही.

पहिल्या मोठ्या पावसात पाणी माईंच्या पायरीला लागलं, वर चढलं नाही. पण दोन घरं सोडून जे बिऱ्हाड भाड्याने राहतं, त्यांच्या स्वयंपाकघरात गेलं. ती दोघं मीटिंगला आलीच नव्हती, आणि आमच्यातल्या कोणी त्यांना बोलवायलाही गेलं नव्हतं, घरमालक आला होता म्हणून. पिठाचा डबा, डाळी, पोराची वह्या-पुस्तकं, सगळं भिजलं. आईचं म्हणणं आठवलं, ज्यांची थळात जमीन नाही त्यांना आवाज नाही. बघता बघता आम्हीही तेच केलं होतं. आता त्या वहिनींचा नंबर गल्लीच्या ग्रुपवर आहे, आणि त्यांच्या मोरीच्या बाजूने दुसरी नाली काढायचं ठरलंय.

मागच्या गल्लीचा रस्ता मंजूर झालाय, दिवाळीनंतर काम सुरू होईल म्हणतात. यावेळी आम्ही आधीच अर्ज लिहिलाय, फार काही मागितलं नाहीये. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक घराच्या उंबऱ्याची लेव्हल घ्यावी आणि ती भिंतीवर रंगाने लिहावी, नवा रस्ता त्या खुणेच्या किती खाली राहील ते इस्टिमेटमध्ये लिहावं, वर थर चढवायचा तर आधी तेवढं खाली खोदावं, गाडलेली चेंबर्स बापूंना बरोबर घेऊन शोधून वर काढावी, आणि ज्या दिवशी लेव्हल घेतील त्या दिवशी भाडेकरूंसकट सगळ्यांना बोलवावं. अर्जावर मागच्या गल्लीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाची सही घ्यायचं काम माझ्याकडे आहे. बापू म्हणालेत की रात्रीचं पाणी सोडून झालं की सकाळी सातला येतो, तर येत्या रविवारी ते, नाना आणि आम्ही पोराटोरांसकट शाळेच्या टोकापासून सुरुवात करणार आहोत, कारण पाणी तिकडूनच येतं.